कवळाण्याचा गोपाळ आणि बडोद्याची गादी

अहो वहिनी, जरा इकडे या ना. अशा लांबून नको, कंपाउंडच्या भिंतीला टेकूनच या. मोठ्याने बोलण्यासारखं नाही. म्हणजे प्रकरण तसं दीडशे वर्षांपूर्वीचं आहे, पण समोरच्या बाई गॅलरीत कपडे वाळत घालताहेत आणि त्यांचे कान… जाऊ दे.

ऐकलंत का, काल भिशीत काय झालं? तुम्ही नव्हता, कुरडयांचा घाट घातला होतात ना. यायला हवं होतं हो, निदान चेहरे बघायला तरी. त्या कॉर्नरच्या बंगल्यातल्या… हो, त्याच, नाव नको घ्यायला. त्यांच्या धाकट्या जावेने पुण्याला मूल दत्तक घेतलंय, गोड आहे पोर. कुणीतरी सहज अभिनंदन केलं, तर या बाई कचोरी खाता खाता काय म्हणाव्यात? "दत्तक ते दत्तक. घराणं चालवायला रक्तच लागतं." सगळ्या एकदम गप्प. त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईंची मुलगी दत्तकच आहे हो! त्या बिचाऱ्या कपातल्या चहाकडे बघत राहिल्या. मला राहवेना. म्हटलं, "अहो, मालेगावला जाऊन विचारा की, कवळाणं कुठे आहे म्हणून."

तर काय सांगत होते… कवळाण्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्याच जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं. बडोद्याचे सयाजीराव महाराज तिथलेच, काशीराव आणि उमाबाई गायकवाडांचा गोपाळ. ११ मार्च १८६३ चा जन्म. बारा वर्षांचा होईतो शेतात, गुरांमागे. अक्षरओळख म्हणाल तर नाही. पण ही गोष्ट सगळे मुलापासून सांगतात ना, तिथेच चुकतं. खरी गोष्ट सुरू होते एका बाईपासून. जमनाबाईंपासून.

खंडेराव महाराज गेले नोव्हेंबर १८७० मध्ये. शौकीन माणूस. चांदीच्या तोफा काय, कुस्त्या काय, 'स्टार ऑफ द साउथ' नावाचा तो केवढा हिरा काय! मोत्यांचा गालिचासुद्धा… त्याचं शेवटी सांगते, आठवण करा. तर खंडेराव गेले आणि मागे राहिली सतरा-अठरा वर्षांची जमनाबाई. पोटुशी. आणि धाकटा दीर मल्हारराव कुठे, तर पाद्र्याला कैदेत! सख्ख्या भावाच्या जिवावर उठल्याचा आरोप होता ना, भावानेच डांबून ठेवलेला. भाऊ मेला तसा तो कैदेतून थेट गादीपाशी.

पण गादीवर बसवायचं कसं? वहिनीला मुलगा झाला तर तोच वारस. म्हणून इंग्रज म्हणाले, तोवर कारभार बघा, बाळंतपण होऊ दे. आता विचार करा वहिनी, दीर बाहेर दिवस मोजतोय आणि ही पोरगी जिवाच्या भीतीने रेसिडेन्सीच्या आश्रयाला. घरचं अन्न खायची चोरी. जुलै १८७१ मध्ये बाळंत झाली. मुलगी, ताराबाई. एकीकडे काय चेहरे पडले असतील आणि दुसरीकडे मल्हाररावाच्या घरी काय दिवाळी झाली असेल! एवढंसं बाळ, त्याने नुसतं ट्यां केलं आणि राज्य इकडचं तिकडे. जमनाबाई मुलीला घेऊन पुण्याला निघून आल्या. तिथे बसून वाट बघितली हो बाईने. चार वर्षं.

मल्हाररावाचं पुढे काय झालं ते माहीतच आहे. भावाने चांदीच्या तोफा केल्या तर याने सोन्याच्या केल्या. आमच्याकडे एकीने फ्रिज घेतला की दुसरी डबल डोअर घेते, तसंच. दादाभाई नौरोजींना दिवाण म्हणून आणलं १८७४ मध्ये, पण ते तरी किती दिवस टिकणार? वर्षभराच्या आत गेले. रेसिडेंट कर्नल फेअर आणि मल्हारराव यांचा तर छत्तीसचा आकडा. आणि मग ते सरबत! ९ नोव्हेंबर १८७४. फेअरसाहेब रोज सकाळी फिरून आले की पपनसाचं सरबत घ्यायचे. त्या दिवशी दोन घोट घेतले, चव काही बरी लागेना, फेकून दिलं. तळाशी बघतात तर काळसर गाळ. डॉक्टर सीवर्डकडे पाठवला. सोमल निघाला, आणि वर हिऱ्याची पूड! अहो, विष घालायचं तर त्यातही हिरे. बडोदा ते बडोदा.

खटला झाला तो सगळ्या जगात गाजला. लंडनहून सार्जंट बॅलंटाइन नावाचा बडा वकील मल्हाररावाच्या बाजूने आला. त्याने उलटतपासणीत साक्षीदारांची अशी पिसं काढली की बस. निवाड्याला सहाजण: तीन साहेब आणि तीन आपले, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंग आणि सर दिनकरराव. तिघा साहेबांना गुन्हा दिसला, आपल्या तिघांना नाही. तीनास तीन! सरकारचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. मग काय, विषाचं राहू दे, राज्यकारभार वाईट आहे म्हणून एप्रिल १८७५ मध्ये काढलं गादीवरून आणि पाठवलं मद्रासला. त्याच्या मुलाबाळांचाही हक्क गेला. त्याने लक्ष्मीबाईशी लग्न केलं होतं, मुलगाही झाला होता, पण… तो एक वेगळाच विषय आहे, दुपारी या म्हणजे सांगेन.

तर काय सांगत होते… गादी रिकामी. आणि आता सरकार कुणाकडे वळलं? पुण्याला बसलेल्या जमनाबाईंकडे. तुम्ही दत्तक घ्या. वय अवघं बाविशीचं. वीस वर्षांपूर्वी हेच झालं असतं ना, तर बडोदं खालसाच झालं असतं. डलहौसीने साताऱ्याचं, झाशीचं, नागपूरचं काय केलं बघा की. औरस नाही ना, मग आण इकडे राज्य. सत्तावनने साहेबांचे डोळे उघडले. १८६२ मध्ये कॅनिंगसाहेबाने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. खंडेराव सत्तावनला इंग्रजांच्या बाजूने राहिले होते, त्यांनाही मिळाली. म्हणजे बघा, नवरा गेल्यावर पाच वर्षांनी त्याची सनद बायकोच्या कामी आली.

आता गायकवाडांच्या फांद्या काय कमी आहेत? पिलाजीरावांपासून पसरलेलं झाड. त्यातली एक फांदी आपल्या कवळाण्यात शेती करून राहिलेली. राजवाडा नाही, हत्ती नाही, आडनाव तेवढं गायकवाड. निरोप आला तसे काशीराव मुलांना घेऊन निघाले. पायी गेले असंही सांगतात. थोरला आनंदराव, मधला गोपाळ, धाकटा संपत. जमनाबाईंनी एकेकाला विचारलं, "कशाला आलास रे?" बाकीच्यांनी काहीबाही सांगितलं. गोपाळ म्हणाला, "राज्य करायला आलो." संपलं! आपण शाळेत ऐकलेली गोष्ट. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं, गोपाळचा सयाजीराव झाला.

सगळे त्या उत्तराचं कौतुक करतात. बारा वर्षांचं पोर, काय धीट! मी म्हणते, उत्तराचं कौतुक राहू दे, ते ऐकून न चिडणारीचं करा की. तुमच्या घरी कुणी पोरगं येऊन म्हणालं, "मी या घराचा मालक व्हायला आलोय," तर त्याला चहा तरी द्याल का? आणि हिने तर मल्हाररावासारखा दीर सोसलेला. राज्य, राज्य करणाऱ्या पुरुषांचा तिला वीट यायला हवा होता. एखादं मऊ, ऐकणारं पोर घेतलं असतं, पुढे तिचंच चाललं असतं. पण बाईने नेमकं तेच निवडलं ज्याच्या पाठीला कणा होता. म्हणून मी म्हणते, गादी खंडेरावांची, पण निवड जमनाबाईंची.

आणि थोरला आनंदराव? त्याच्याकडे कुणी बघतच नाही. सख्खा थोरला भाऊ बाजूला राहिला आणि मधला महाराज झाला. त्या संध्याकाळी तिघे भाऊ एकत्र जेवायला बसले असतील का हो? की गोपाळचं ताट वेगळं लागलं? कालपर्यंत एकाच वाटीतलं ओरपणारी पोरं, आज एकाला मुजरा करायचा. धाकटे संपतराव मात्र पुढे बॅरिस्टर झाले, पुस्तकांचे भारी शौकीन. आणि उमाबाई… तिच्या पोटचा पोरगा, पण दत्तहोम झाला की आई दुसरीच. लोक तिला म्हणाले असतील, "नशीब काढलंस गं!" आणि तिने पदर सावरून हो हो केलं असेल. मला तरी गिळवलं नसतं.

भिशीत हे सगळं सांगितलं मी, एवढं लांबण नाही, थोडक्यात. कॉर्नरवाल्या बाई म्हणतात कशा, "पण शेवटी गायकवाडांचंच रक्त होतं ना ते!" मी म्हटलं, "अहो, रक्त म्हणाल तर मल्हाररावाचं आणखी जवळचं होतं. सख्खा भाऊ. त्याने काय दिवे लावले?" शेजारच्या बाईंनी, तिथवर कपाकडे बघत होत्या ना, त्यांनी एकदम मान वर केली आणि खुदकन हसल्या. मग कॉर्नरवाल्यांना नेमकी पुढच्या भिशीची तारीख आठवली.

आता गंमत सांगू? माझा भाचा नाही का डब्लिनला, आयटीत. त्याला व्हिडिओ कॉलवर हे सांगत होते तर तो म्हणाला, मावशी, इकडे असलं चालत नाही. तिकडच्या उमरावांच्या पदव्यांना दत्तक मूल लागू पडत नाही. औरस मुलगा, नाही तर पुतण्या, नाही तर चुलत, चुलत चुलत, जाईल तिथवर. किन्सेल नावाची बॅरनची पदवी आहे तिकडे, आयर्लंडमधली मानाने पहिली. डी कर्सी घराणं. पस्तिसावे बॅरन २००५ मध्ये गेले, लग्नच केलं नव्हतं. आणि काम काय करायचे? प्लंबिंगसुद्धा केलंय म्हणे! बॅरन आणि हातात पाना. मग पदवी गेली कुठे, तर न्यूझीलंडमधल्या लांबच्या नातलगाकडे. जमनाबाईंसारखं कुणी विचारलंही नसेल, "कशाला आलास?" म्हणून. वंशावळ काढली, बोट खाली खाली नेलं, सापडला.

आणि त्या घराण्याचा मान ऐका. राजासमोर डोक्यावरची टोपी काढायची नाही, असा हक्क मिळाल्याची दंतकथा आहे त्यांची. भाच्याने सांगितलं तसं मी म्हटलं, टोपीचं कौतुक नको सांगूस रे, आमचा कवळाण्याचा पोरगा त्याच्या बादशहासमोर कसा वागला ते वाच. १९११ चा दिल्ली दरबार. सगळे राजे दागिन्यांनी लदलेले, पंचम जॉर्जसमोर तीन तीनदा लवायचं, मागे सरत जायचं, पाठ दाखवायची नाही. सयाजीराव साध्या पोशाखात गेले, एकदा मान लववली आणि वळून चालायला लागले. पाठ दाखवून! साहेब लोकांची तोंडं अशी झाली की… लंडनच्या पेपरांनी महिनाभर चघळलं. महाराजांनी नंतर पत्र लिहून, अनवधानाने झालं म्हणून कळवलं. अनवधानाने! मला विचाराल तर जमनाबाईंना उत्तर देणारं तेच पोर ते.

नुसतंच धीट नव्हे हो. बारा वर्षांपर्यंत पाटी न धरलेला मुलगा, इलियट नावाच्या साहेबाकडे शिकला, १८८१ मध्ये अधिकार हातात आले आणि अमरेलीत १८९३ मध्ये सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं. पुढे १९०६ मध्ये सगळ्या राज्यात. भीमराव आंबेडकरांना १९१३ मध्ये अमेरिकेला पाठवलं ते याच घरच्या स्कॉलरशिपवर. कवळाण्यात शाळा हुकली म्हणून बडोद्याच्या पोरांना पकडून पकडून शाळेत बसवलं.

घरात मात्र… अहो, कुणाच्या घरात सरळ असतं? लेक इंदिराराजे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं, तयारी सुरू झालेली, आणि पोरीने परस्पर त्यांनाच पत्र लिहून लग्न मोडलं! दिल्ली दरबारात कूचबिहारचा राजपुत्र जितेंद्र भेटला होता ना. आईबापांना पत्ता नाही. ग्वाल्हेरहून तार आली, तुमच्या मुलीच्या पत्राचा अर्थ काय म्हणून, तेव्हा कळलं. १९१३ मध्ये लंडनला लग्न झालं, आईबाप गेले नाहीत. बादशहाला पाठ दाखवणाऱ्याची लेक बापाला दाखवणारच. जयपूरच्या गायत्रीदेवी तिच्याच पोटच्या.

आणि वारसाचं म्हणाल तर युवराज फत्तेसिंहराव १९०८ मध्येच गेले, त्याच वर्षी त्यांना मुलगा झालेला, प्रतापसिंह. १९३९ मध्ये महाराज गेले तेव्हा गादी आजोबांकडून नातवाकडे. आणि नातवाने… काय सांगू! पहिली राणी घरात असताना सीतादेवींशी लग्न, मग परदेशवाऱ्या, मोनॅकोला संसार. संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं, १९५१ मध्ये सरकारने यांची मान्यताच काढून घेतली आणि मुलाला, फत्तेसिंहरावांना महाराज केलं. तेच ते, क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष झालेले. म्हणजे आठवतंय ना, मल्हाररावालाही सरकारनेच काढलं होतं. सरकार तेवढं बदललं. १९७१ मध्ये इंदिरा गांधींनी तनखे आणि पदव्या सगळंच बंद केलं.

तरी भांडण थांबलं का? फत्तेसिंहराव १९८८ मध्ये गेले, मूल नव्हतं. जमनाबाईंचा मार्ग होता, तो कुणी धरला नाही. मग मालमत्तेवरून आधी भावाभावांत, पुढे काका-पुतण्यांत. काका-पुतणे म्हटलं की आपण नाशिकच्या लोकांनी पेशवाईतल्या काकांच्या आनंदवल्लीकडे बघून गप्प बसावं. वीसहून जास्त वर्षं चाललं, २०१३ मध्ये समझोता झाला. वीस हजार कोटींची मालमत्ता म्हणून पेपरात आकडे आले होते. तुमच्या दिरांचं त्या सिन्नर रोडच्या गुंठ्यांवरून चाललंय ना, त्यांना सांगा, अजून अवकाश आहे.

अरे हो, गालिचा! खंडेरावांनी तो मदिनेला, पैगंबरांच्या कबरीवर घालायला म्हणून करवून घेतला होता. बसऱ्याचे मोती, लाखांनी, वर माणकं, पाचू, हिरे. खंडेराव गेले आणि तो राहिला बडोद्यातच. पुढे सीतादेवींनी बाकीच्या जडजवाहिराबरोबर तो मोनॅकोला नेला. मार्च २००९ मध्ये लिलाव झाला, साधारण ५५ लाख डॉलर आले. आणि लिलाव कुठे, माहितीये? दोह्याला! दीडशे वर्षं हिंडून, मदिनेच्या एवढ्या जवळ जाऊन विकला गेला. घेतला कुणी ते मी भाच्याला शोधायला सांगितलंय, त्याचा फोन आला की हाक मारते तुम्हाला.